मोहाखालची रास

मोतीराम वाळूजच्या कारखान्यात पत्र्यांना रंग मारायचा आणि सुट्टीला कागद-पेन्सिल घेऊन कुठंतरी निघायचा. त्या रविवारी तो कन्नडजवळच्या आपल्या गावच्या देवराईत गेला. फार जुनी झाडं होती ती. देवीच्या धाकानं कुणी फांदी तोडत नसे. लहानपणी गाव सुटल्यापासून तो पहिल्यांदाच तिथं आला होता. एका मोठ्या मोहाखाली दगडांची लांबट रास होती. सावलीत चांगली दिसली, म्हणून तीही त्यानं बारकाईनं रेखाटली.

संध्याकाळी पडेगावच्या घरी त्यानं चित्र आईपुढं धरलं. गावाकडचं रान बघून भामाबाई खूश होईल असं त्याला वाटलं होतं. तिनं त्या राशीवर बोट ठेवलं.

"ह्ये दगड अजून हायेत?"

"हायेत की. का गं?"

"तुझा बाप हाय त्यांच्याखाली."

मोतीरामला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दंगलीनंतर बाप सुरतेला कामाला गेला नि तिकडंच राहिला, हे ऐकत तो मोठा झाला होता. टाकून गेलेल्या बापाचं नावही तो तोंडातून काढत नसे.

भामाबाई सांगत गेली. नामांतराच्या दंगलीत वस्ती पेटवली, तेव्हा मोतीराम शहरात वसतिगृहात होता. त्याच्या बापाच्या, अप्पारावाच्या, डोक्यात कुऱ्हाड बसली. तिनं त्याला ओढत देवराईत नेलं. उजाडता उजाडता तो गेला.

"जाळलं असतं तर धूर दिसला असता. कारभारी धनगर मेंढरं घिऊन तिथं हुता. त्यानंच खड्डा केला."

"मला का नाय सांगितलं?"

"तू बारा वर्साचा. तसाच गावाकडं धावला असता. एक गेला, दुसरा कुठनं आणू?"

दुपारी त्याच राशीवर बसून त्यानं भाकर खाल्ली होती. हे आईला कसं सांगावं?

सकाळी तो कामावर गेला नाही. दोघं एसटीनं गावी गेली. देवराईच्या कडेला मेंढरांमागं उभ्या म्हाताऱ्यानं भामाबाईला ओळखलं.

"लई दिसांनी आलात, वहिनी."

मोतीराम त्याच्याजवळ गेला. "कारभारीबाबा, माझा बाप शेवटी काय बोलला?"

"बोलाया जमतच नव्हतं, बाबा. पाणी तेवढं मागितलं. मी पाजलं."

मोतीराम तिथंच खाली बसला. त्याला रडूही येईना. इतकी वर्षं ज्याचा राग राग केला, त्याला आता काय म्हणून हाक मारावी, हेच त्याला सुचत नव्हतं.