मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. आइस्क्रीमचा नाही, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला. शून्याखाली ऐंशी अंशांची थंडी पोटात धरून मी सतरा वर्षं उभा आहे. कारखान्यातून आलो तेव्हा सगळ्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. नंतर कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचा मला राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

आमच्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी आहे. सगळे तिला मुंगी म्हणतात. काही बाळं दिवस भरण्याआधीच का जन्मतात, हे तिला शोधायचं आहे. प्रसूतिगृहातून फोन आला की ती हातातला घास टाकून धावायची. बाळंतपणानंतर पडलेल्या वारेचा तुकडा कुपीत घालून माझ्या पोटात ठेवायची. तीन वर्षांत अशा दोनशे कुप्या जमल्या. मग त्या तपासण्याची नवी पद्धत शिकायला तिला सहा महिने परदेशी पाठवलं. जाताना माझ्या दारावर थाप मारून म्हणाली, "सांभाळ रे बाबा."

एका शनिवारी पाहुणे आले. तिच्याहून दोन वर्षं पुढे असलेल्या दादाने घाईत माझ्यात एक खोका कोंबला. दार नीट लागलं नाही. मी जिवाच्या आकांताने भोंगा वाजवला. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे मुंगीचे सर, तेव्हा पाहुण्यांना प्रयोगशाळेची थोरवी सांगत होते. "अरे, आधी तो भोंगा बंद कर!" ते खेकसले. दादाने बटण दाबलं, दाराकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि बोलवायला आलेल्या झाडलोटवाल्या मावशींच्या मागोमाग सगळे चहाला गेले.

सोमवारी झाडायला आल्यावर मावशींना माझ्या पायाशी तळं दिसलं. सर धावत आले. "दार लावा, परत गोठेल. आणि तिला कळवू नका, उगाच तिकडे तिचं लक्ष उडेल." परत गोठलं खरं. वरून काही कळत नव्हतं, पण कुप्यांमधलं जे तपासायचं होतं ते नासून गेलं होतं.

मुंगी परतली आणि कामाला लागली. नऊ वेळा तपासणी केली, नऊही वेळा हाती काही लागलं नाही. "परदेशात हेच शिकलीस?" सर चारचौघांत म्हणाले. दादा खाली मान घालून उभा. माझं तर पित्त खवळलं! ती मात्र म्हणाली, "सॉरी सर, माझाच हात चुकत असेल." दुपारी माझ्याशेजारी उभी राहून फोनवर रडली, "आई, मला नाही गं जमत. सोडून येते घरी."

मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "पोरी, तुझा हात चांगला आहे. तू नव्हतीस तेव्हा हे सगळं वितळलं होतं. भोंगा वाजला, तो सरांनी माझ्यासमोर बंद करायला लावला. पाणी मी पुसलंय."

दुसऱ्या दिवशी मुंगीने जाब विचारला, तर सरांनी माझ्या दारावर कागद चिकटवला: 'जुने यंत्र. बिघाडामुळे नमुने नष्ट.' निर्लज्जपणाची कमाल! मुंगीने तो कागद टराटरा फाडला. "मशीन ओरडत होतं, सर. त्याला गप्प कोणी केलं, ते लिहा. तोवर मी नमुन्यांच्या कुठल्याही अहवालावर सही करणार नाही."

सरांनी अजून लिहिलेलं नाही. त्या दोनशे कुप्या तर गेल्याच. मित्रांनो, मला पुसत जा, माझी निगा राखा, असलं काही मी मागणार नाही. चूक सगळ्यांच्या हातून होते. पण झाली की ज्याचं नुकसान झालं त्याला त्याच दिवशी सांगा. माझ्याकडे एक भोंगा होता, तो मी वाजवला. तुम्हाला तर चांगलं धडधाकट तोंड आहे.