बोटावरचा आकडा

मित्रांनो, कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा मी, पण नाव भारदस्त, ऑक्सिमीटर. माझ्यात बोट घातलं की रक्तात प्राणवायू किती आणि हृदयाचे ठोके किती, ते मी सांगतो.

कोरोनाच्या साथीत मी निरगुडसरला प्रज्ञाताईच्या घरी आलो. तिचे वडील भिमाजी, घरातले आण्णा, तापाने फणफणले होते. माझा आकडा रोज घसरत होता. ते मात्र म्हणत, यंत्र बिघडलंय, मला काही झालेलं नाही. दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ते परत आलेच नाहीत. मग मी कपाटात पडलो. सेल पाझरले, गंज चढला. फार वाईट वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात ताई आणि तिचा धाकटा भाऊ रविंद्र हिमालयातली एक खिंड चढायला निघाले. ताईने कित्येक वर्षं त्या खिंडीचा ध्यास घेतला होता. तिने मला पुसून नवे सेल घातले. रविंद्र म्हणजे आहुप्याचा घाट एका दमात चढणारा गडी! मध्ये टेकला तर आपल्याकडे चेष्टा होते ना. हिमालयात उंचावर पोचल्यावर वाटाड्याने आज नुसता आराम करा म्हणून बजावलं, तरी हा पठ्ठ्या शेजारचा डोंगर पळत चढून आला.

उंचावर हवा विरळ असते. श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो, म्हणून फुप्फुसं भराभर चालतात, हृदय धावतं. अंगाला त्याची सवय व्हायला दिवस द्यावे लागतात. रविंद्रने ते दिले नाहीत. दुपार कलताना तो बसल्या जागी धापा टाकू लागला, खोकू लागला. ताईच्या आणि वाटाड्याच्या बोटांवर मी ऐंशीच्या पुढे होतो, त्याच्या बोटावर साठीत आलो.

"बोट गार पडलंय गं," तो म्हणाला. "यंत्रबी जुनं. बिघडलं असंल."

ताईने त्याचं बोट तळहातांत धरून ऊब दिली. मला आधी स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, मग पुन्हा त्याच्या. तिचा ऐंशीच्या पुढे, त्याचा साठीतच.

"आण्णाबी हेच म्हणले व्हते," ती म्हणाली.

खिंड समोर उन्हात दिसत होती. ताईने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि वाटाड्याला सांगितलं, आमी खाली निघतो. ताई आणि वाटाड्या, दोघांनी त्याला आधार देत उतरवलं. खालच्या गावातल्या दवाखान्यात प्राणवायू लावला, तेव्हा कुठे माझा आकडा वर सरकला. ताई माझ्याकडे बघून रडली.

आता रविंद्र आहुप्याच्या घाटातही मध्ये टेकतो. लोक हसतात, तर हसू देत.

मित्रांनो, मला ठेवून देताना सेल तेवढे काढा. आणि मी नको तो आकडा दाखवला, तर माझ्यावर रागवा, पण ऐका. भिमाजींच्या बोटावरही मी खरंच सांगत होतो.