पावसातले जास्तीचे पाहुणे

मी टिचक्या बोलतोय. दारात उभं राहून माणसं मोजायचं मुठीएवढं पोलादी यंत्र असतं ना, तो मी. डोक्यावरचं बटण दाबलं की माझा आकडा एकाने पुढे जातो. मागे जाणं मला येत नाही. बाजूची कळ फिरवली की थेट शून्य.

जन्म माझा बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला. तारुण्य जत्रेतल्या पाळण्यापाशी गेलं. तिथे बटणात शिरलेली साखर अजून पुरती निघालेली नाही. मग लँकेशायरमधल्या एका छोट्या गावात, बिस्किटांच्या जुन्या डब्यांच्या संग्रहालयात मला नोकरी लागली.

तिथे दारावर गेनॉर असायची. हे टोपणनाव तिनेच मला दिलं. प्रवेश फुकट होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला एक क्रीमचं बिस्किट आणि माझी एक टिचकी, असा रिवाज. संध्याकाळी गेनॉर वहीत तारीख आणि आकडा लिहायची, वर हवा कशी होती तेही लिहायची. या इंग्रज लोकांना हवेबद्दल लिहिल्या-बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

पावसाच्या दिवशी चिटपाखरू फिरकायचं नाही. संग्रहालय सांभाळणारे मिस्टर एन्टविसल संध्याकाळी वहीवर वाकायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. बायको गेल्यापासून त्या डब्यांखेरीज त्यांना दुसरं होतं कोण? म्हणून साडेचार वाजता गेनॉर कोपऱ्यात जायची आणि मला दहा-बारा वेळा उगीचच दाबायची. मी काय करणार? दाबलं की मोजायचं, एवढाच माझा धर्म. आणखी एक गुपित माझ्या पोटात होतं, ते पुढे येईल.

एकोणीस वर्षांनी छप्पर गळायला लागलं आणि संग्रहालय बंद झालं. निरोपाला गेनॉरला मी मिळालो, आणि तिच्याच हस्ताक्षरातल्या वह्या. वय एक्कावन्न, नोकरी नाही, शाळेत गणितात दोनदा नापास. आणि ही बाई विद्यापीठात डेटा सायन्स शिकायला निघाली! गणित सुटलेल्यांसाठी आधी पायाभरणीचं एक वर्ष असतं. ते पास झालं तरच पुढची तीन वर्षं, नाहीतर तिथूनच घरी. गेनॉरला पुढे जायचंच होतं. "आयुष्यभर मी नुसते आकडे लिहिले, टिचक्या. आता ते काय म्हणतात ते मला कळायला हवं," असं ती मला म्हणाली होती.

वर्गात एकोणीस वर्षांचा जोएल तिच्या शेजारी बसायचा.

"गेनॉर, तू या इमारतीपेक्षा जुनी असशील, नाही?"

"असेन राजा. पण माझं छप्पर गळत नाही."

शेवटच्या प्रकल्पाला तिने आपल्या वह्याच घेतल्या. पाऊस आणि पाहुणे यांचा आलेख काढून शिकवणाऱ्या नेओमींना दाखवला. नेओमी खुश झाल्या.

"वा! पाऊस वाढला की तुमचे पाहुणे वाढतात. भिजलेली माणसं आडोशाला येत असणार. गुरुवारी हेच वर्गापुढे मांडा. निम्मे गुण त्यावर आहेत."

चोराच्या मनात चांदणं! मी कोटाच्या खिशात होतो, तिचा अंगठा माझ्या बटणावर होता. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगितलं तर प्रकल्प बुडणार, आणि कदाचित वर्षही.

बसथांब्यावरून तिने मिस्टर एन्टविसलना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते ओरडूनच बोलतात.

"मिस्टर एन्टविसल, मी तुम्हाला फसवलं हो. पावसात तुमचं उतरलेलं तोंड बघवायचं नाही. म्हणून मी टिचक्याला जास्त दाबायचे."

पलीकडून आवाज आला, "अगं, तू पण?"

"पण म्हणजे?"

"तू चहा करायला आत गेलीस की मी दाबायचो. रिकाम्या दारात किती हिरमुसायचीस तू! आणि संध्याकाळी आकडा बघून मला वाटायचं, आपण तर एवढे दाबले नव्हते, म्हणजे गेनॉरचा पायगुणच चांगला."

हेच ते दुसरं गुपित. गेनॉर इतकी हसली की बसवाल्याने विचारलं, "बाई, येताय की हसताय?"

"पण आता मी करू काय?" तिने विचारलं.

"माझी कॅलेंडरं घेऊन जा. बिस्किटाचा पुडा फोडला की त्या दिवसावर मी खूण करायचो. तू खातेस असा संशय होता मला."

"संशय?"

"बरं, खात्री."

दोन दिवस तिने खुणा आणि आकडे समोरासमोर ठेवले. दोघांनी खाल्लेली बिस्किटं प्रामाणिकपणे वजा केली. उन्हाच्या दिवशी बिस्किटं आणि टिचक्या जुळत होत्या. पावसाच्या दिवशी टिचक्या भरपूर आणि बिस्किटं जवळजवळ नाहीत.

गुरुवारी ती वर्गापुढे उभी राहिली. आधी तिने सुंदर आलेख दाखवला, मग म्हणाली, "हा खोटा आहे, आणि खोटा मीच केलाय." सगळं सांगून झाल्यावर तिने बिस्किटांचा आलेख लावला.

"पाऊस वाढला की पाहुणे वाढत नव्हते. आम्हाला एकमेकांची काळजी जास्त वाटायची, तेवढीच मोजली गेली."

नेओमी म्हणाल्या, "हे तुम्हाला लपवता आलं असतं की."

"आलं असतं. पण टिचक्याला माहीत होतं ना," असं म्हणून तिने मला टेबलावर ठेवलं. पोलादाला गंज परवडत नाही, नाहीतर मी तिथेच रडलो असतो.

शंभरात एकाहत्तर मिळाले! निकालाच्या दिवशी मिस्टर एन्टविसल बटाट्याचं सारण भरून भाजलेला, 'पाय' नावाचा गरम पदार्थ घेऊन तिच्या घरी आले. बाहेर अर्थातच पाऊस होता. गेनॉरने माझी कळ फिरवून शून्य केलं आणि दारातच त्यांच्यासाठी एक टिचकी दिली. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि तिच्यासाठी एक दिली.

आता ती पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि मी तिच्या टेबलावर असतो. म्हातारा झालोय, बटण अडकतं. तुम्हाला एवढंच मागतो, कुठलाही आकडा दिसला की बटणावर अंगठा कुणाचा होता ते एकदा विचारा. माझ्या तोंडावर अजून तोच आकडा आहे, दोन. पावसातला आहे, पण अगदी खरा आहे.