मेंढ्यांची कूस आणि सरांची घाई

मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला ‘उठा, कामाला लागा’ असा निरोप नेणारं संप्रेरक म्हणजे अवघ्या दहा अमिनो आम्लांची माळ, मधोमध केसाच्या आकड्यासारखी वाकलेली. एवढ्याशा जिवावर वंश चालतात. पण स्वभाव मानी. तास-दोन तासांनी एकदा हाक मारायची आणि गप्प बसायचं. सतत हाका मारल्या, तर ग्रंथी कानात बोळे घालते.

मेंढ्यांच्या रक्तात हे संप्रेरक सोडणारा पंप संशोधिकेनं तसाच, थांबत थांबत चालणारा लावला होता. वांझ मेंढ्यांची कूस उजवली, तर तिची हंगामी नोकरी कायम होणार होती. सासूबाई जेवायला वाढताना म्हणत, “मेंढ्यांचं उरकलं, की जरा घरचंही बघ.” त्यांचा पंप मात्र सलग चाले.

एके दिवशी विभागप्रमुख नाकाला रुमाल लावून गोठ्यात आले.

“पंप बंद पडलाय?”

“नाही सर, थांबलाय. मधे मधे थांबतो तो.”

“महिनाअखेरीला समिती येतेय, आणि हा विश्रांती घेतोय? सोडा सलग!”

“ग्रंथी बहिऱ्या होतील, सर.”

“मॅडम, भुकेल्याला कुणी घास मोजून देतं का?” म्हणत त्यांनी स्वतःच बटण फिरवलं.

पहिल्या दिवशी मेंढ्यांच्या रक्तातले संप्रेरकांचे आकडे उसळले. सरांनी मिठाई वाटली. मग आकडे जे झोपले, ते समिती दारात आली तरी उठेनात.

सर डगमगले नाहीत. “आमचा नवा शोध! संततिनियमन!”

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा खाली केला. “हे पाठ्यपुस्तकात आहे. ग्रंथीला असंच गप्प करणारी कर्करोगाची औषधं निघूनही जमाना झाला. तुम्हाला तर पिल्लं हवी होती ना? मग सलग सोडायचं हे डोकं कुणाचं?”

“मॅडमचं,” सर एका श्वासात म्हणाले. “मी बजावलं होतं, अति तिथे माती.”

अध्यक्षबाई संशोधिकेकडे वळल्या. हो म्हणावं तर नोकरी जाणार, नाही म्हणावं तर सर खवळणार.

“सर बजावत होते खरे,” ती म्हणाली, “पण तेव्हा बटणावर हात त्यांचाच होता.”

समितीतलं कुणीतरी फिसकन हसलं.

“ग्रंथी जाग्या होतात पुन्हा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पंप पहिल्यासारखा लावा, गोठ्याला कुलूप घाला, किल्ली तुमच्याकडे. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते आता मेंढ्याच ठरवतील.” मग सरांकडे पाहत त्या पुटपुटल्या, “तुमच्या वेळीही त्यांनाच विचारायला हवं होतं.”