काट्याच्या केबिनसाठी कुर्ता

पार्सल फोडण्याआधी तेजस्विनीने ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. एका कोपऱ्यात चिकटपट्टी वाकडी होती.

"भिवाजीभाऊ, हे कोणी उघडलं होतं काय?"

भिवाजी आदिलाबादहून जैनथला ऑटो आणायचा, आणि सवारीसोबत कुरिअरची थैलीही. त्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, मी काय कुर्ते घालतो? ज्यानं पट्टी लावली त्याले इचारा."

तिने विचारलं नाही, पण संशय सोडलाही नाही. आत जाऊन कुर्ता अंगात घातला आणि छातीवर येऊन तो अडला. बाळाला पाजण्यासाठी लपवलेली चेन ताणून तोंड वासून बसली. मागचाही असाच अडला होता. दुकान वेगळं, रंग वेगळा, नशीब तेच.

हौस म्हणून कुर्ता हवा असता तर तिने केव्हाच नाद सोडला असता. दसरा झाला की तिला जिनिंगच्या वजनकाट्यावर परत रुजू व्हायचं होतं. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की काट्यावर जेवायला उठायचीही सोय नसते. शेटजी म्हणाले होते, सासूबाईंनी दुपारी बाळाला आणलं तर हरकत नाही. पण काट्यावर कोणाचाच कोणावर भरवसा नसतो, म्हणून त्या केबिनला तिन्ही बाजूंनी काच. शेतकरी बाहेरून आकडा बघतो, ड्रायव्हर बघतो, हमाल बघतो. अशा जागी पदराखाली पाजायचं म्हटलं तर पियुष पदर ठेवू देईल तेव्हा ना! पाच महिन्यांचा पोरगा, दूध पिता पिता पदर ओढून जगाला हसून दाखवायचा. बाटली तर जिभेने बाहेर ढकलायचा. चेनचा कुर्ता मिळाला तर ठीक, नाहीतर त्याला आईवाचून दिवस काढायला शिकावं लागणार होतं.

असले कुर्ते बारीक बायांसाठीच शिवलेले. तिच्या मापाचे शोधावे तर कुठे 'माल संपला', कुठे 'तुमच्या गावी पोच नाही'. तिचा नवरा अमर दुकान बंद करून आला तेव्हा ती मोबाईल घेऊन बसलीच होती.

"हे पाहा. दोन दुकानं, दोन नावं, आणि फोटोतली बाई एकच. खाली लिहिलंय, एकदम परफेक्ट बसला. डोकं काऊन कापलं असंल हिचं?"

"शरम वाटत असंल."

"खोटी असंल! लहान कुर्त्यालेच मोठ्या मापाची चिठ्ठी लावून राह्यले हे लोक."

अमरने हसू दाबलं. "नाहीतर तूच वाढली असशील."

तो गंमत करत होता. पण रात्री पियुषला थोपटताना तिला ते टोचत राहिलं. माप तर घेतलंच होतं. बाळ तिच्या खांद्यावर होतं, सासूबाईंनी मागून टेप फिरवला आणि वाचून सांगितलं, चव्वेचाळीस. मग हे अंग एवढ्यात फुगलं की काय? तिला आता स्वतःच्याच अंगाचा संशय येऊ लागला.

सकाळी कुर्ता परत करायची घडी घालताना तिला राहवलं नाही. तिने तो खाटेवर सपाट पसरला आणि टेप लावला. दुकानाने जे लिहिलं होतं तेवढाच भरला. सुताचाही फरक नव्हता.

म्हणजे कुर्ता खरा, चिठ्ठी खरी. मग खोटं कोण?

तिने दार लावलं. नाडीची दोरी छातीभोवती गुंडाळली, गाठीजवळ चिमटीत धरली आणि टेपवर ठेवली. अठ्ठेचाळीस. पुन्हा गुंडाळली. पुन्हा अठ्ठेचाळीस.

तिच्या सासूबाई, सोजरबाई, मागल्या दारी पियुषला तेल लावत बसल्या होत्या. तेजस्विनी टेप घेऊनच समोर उभी राहिली.

"आत्याबाई, तुमाले आकडे वाचता येतात ना?"

"चौथी पास हाय मी."

"मग अठ्ठेचाळीसचे चव्वेचाळीस कसे झाले?"

सोजरबाईंचा हात बाळाच्या पायावर थांबला. मग त्या अजिबात न लाजता म्हणाल्या, "म्या कमी सांगतले."

"जाणून?"

"मंग काय! पाजणाऱ्या बाईचं माप कोणी परक्याले सांगते? तो मोबाईलवाला कोण, कुठला, त्याची नजर कशी, तुले ठावं हाय?"

"दोन हप्ते माहा जीव खाल्ला या कुर्त्यानं! भिवाजीभाऊवर संशय घेतला. मले वाटे, मीच येडी झाली."

"येडी झाली तं झाली. दूध तं हाय ना?" सोजरबाईंचा आवाज एकदम खाली आला. "अमर तीन महिन्याचा होता. शेजारीण म्हणे, सोजरा, तुले तं म्हशीवानी पान्हा हाय वं. आठवड्यात आटलं सारं. बकरीच्या दुधावर जगवला त्याले. रातभर माह्या आंगाले तोंड लावे अन् रडे."

तेजस्विनीने टेप खाली सोडला. ती खाली बसली. पियुषने तेलकट मुठीने टेपचं टोक धरलं आणि तोंडात घातलं.

"पण आत्याबाई, खरं माप नाही सांगतलं तर याले दुपारी बाटली."

सोजरबाईंनी टेपचं टोक बाळाच्या तोंडातून काढलं. "माह्या नावानं मागव," त्या शेवटी म्हणाल्या. "लागू दे नजर कोणाची लागते ते. माह्यात काय उरलं आटायले?"

अठ्ठेचाळीसचा, चार एक्स असलेला कुर्ता साऱ्या मोबाईलभर एकाच दुकानात निघाला, तोही कुणालाच आवडू नये अशा शेवाळी रंगाचा. मागणी गेली सोजरबाई या नावाने. भिवाजीने तो आणला तेव्हा काडीसारख्या म्हातारीकडे पाहिलं, मग पार्सलावरच्या मापाकडे.

"काकू, हे तुमचं?"

"माहंच. काय पाह्यतं? मी घरात जाडी दिसतो."

कुर्ता बसला.

कापसाच्या पहिल्या आठवड्यात दुपारी काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली होती. तेजस्विनी एका हाताने वजनांचे आकडे टाकत होती. शेवाळी कापडाला चिकटून पियुष चुटूचुटू आवाज करत होता. एका ड्रायव्हरने काचेला नाक लावून कौतुकाने विचारलं, "बारकं पिऊन राह्यलं काय?"

बाजूच्या स्टुलावरून सोजरबाई ताडकन उठल्या आणि काचेच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"झोपलं हाय ते," त्या म्हणाल्या. "तू आपल्या वजनाकडं पाह्य."