चाकाआडचा साडू

बायको सोडून गेली की पुरुष दारूला लागतो, असं लोक सांगतात. सगळे नाही लागत. काही जण गाडीला सामान बसवत सुटतात. त्यांना कुणी नावं ठेवत नाही, उलट शेजारीपाजारी येऊन कौतुकानं टायर दाबून बघतात.

क्रेनवाल्याचं तसंच झालं होतं. बंदरावर क्रेन चालवण्यात त्याची हयात गेली. उंचावरच्या काचेच्या खोलीत एकटा बसायचा. खालची माणसं हातानं खुणा करायची आणि हा वरून पेटारे उचलायचा. घरी आला तरी तसाच. बायको म्हणायची, "उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागलीय तुम्हाला. कधीतरी खाली उतरा की." तो हसायचा. उतरायचा मात्र नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह घेतली. "आता दोघं मिळून हिंडू," असं जाहीर केलं. बायको हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्यानं ते हो धरलं. मग लेकीचं बाळंतपण आलं म्हणून ती लेकीच्या गावी गेली. ते बाळ आता चालतं, बोलतं, फ्रिज उघडून आतलं सामान फेकतं. आजी अजून तिकडेच.

"गाडी तयार झाली की घ्यायला येतो," असं हा फोनवर सांगायचा आणि गाडी काही तयार होऊ द्यायचा नाही. आधी टपावर लोखंडी कॅरिअर बसवलं. मग दुसरी बॅटरी. मग पुढे विंच, म्हणजे चिखलात रुतलं तर बाहेर ओढून काढायचं दोरीचं यंत्र. गाडी कधी चिखलात गेलीच नव्हती, कोपऱ्यावरच्या पंपापलीकडे गेली नव्हती. एकेक वस्तू चढत होती आणि निघायचा दिवस पुढे सरकत होता. हे त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही. माणूस मूर्ख कमी असतो, भित्रा जास्त.

आता ऑइल कॅच कॅनची पाळी होती. तसं ते साधंच प्रकरण आहे. इंजिनाच्या पोटात जी तेलकट वाफ कोंडते, ती एका नळीनं बाहेर काढून पुन्हा हवेच्या वाटेनं इंजिनातच सोडलेली असते. थोडक्यात, इंजिन स्वतःचीच ढेकर गिळत असतं. त्या तेलावर काजळी बसते आणि आतले रस्ते डांबरासारख्या थरानं चोंदत जातात. म्हणून मध्ये हा डबा बसवायचा. वाफ आत शिरते, तेल तळाशी साठतं, हवा तेवढी पुढे जाते. खाली तोटी असते, अधूनमधून उघडून डबा रिकामा करायचा.

आजवरचं सगळं त्यानं एकट्यानं बसवलं होतं. हे बसेना. डब्याची पट्टी बॅटरीच्या बाजूच्या पत्र्यावर कसायची होती. बोल्ट इकडून, नट पत्र्याच्या पलीकडे, पुढच्या चाकावरच्या पोकळीत. वरून बोल्ट फिरवला की खाली नटही त्याच्याबरोबर फिरायचा. गाडी स्टँडवर घेतली, चाक काढलं, एक हात खाली घालून बघितला. पोचला नाही. पान्याला चिकटपट्टी लावून नट अडकवून ठेवला, तो पडला. दोन टोकांना दोन माणसं लागतात, एवढंच.

तो फोन हातात घेऊन उभा राहिला. फोनमध्ये खंडीभर माणसं होती. त्यातलं 'ये रे, जरा नट धर' असं ज्याला म्हणता येईल, असं एकच निघालं. साडू.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान. एकाच सासऱ्यानं गंडवलेली दोन माणसं म्हणजे साडू, हा दोघांचा जुना विनोद. एरवी चार वेळा बोलवावं तेव्हा उगवणारा हा गृहस्थ आज पहिल्याच फोनला, दुकान बंद करून हजर झाला. क्रेनवाल्याला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"काय थोरले, गाडीला उचकी लागलीय?"

"ढेकर."

"मग खांद्यावर घ्या नि पाठ थोपटा." साडूनं पुठ्ठा अंथरला आणि पोट सावरत चाकाच्या जागेत शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले. "थोरले, इथे अंधार आहे हो. आणि कसलासा वास येतोय."

"तो तुझाच असेल. नट दिसला?"

"चष्मेवाल्याला विचारता दिसला का म्हणून? धरलाय. फिरवा."

पहिला बोल्ट बसला. दुसरा सुरू झाला.

"थोरले."

"हं."

"एक सांगायचंय. तोंडासमोर सांगायला मला जमायचं नाही. इथून बरं पडेल."

"सांग की. पान्यावरचा हात सोडू नको."

"सोडत नाही. तुम्ही बोलावलं नसतं तरी मी उद्या येणार होतो. आमच्या हिनं पिच्छाच पुरवला होता." साडूनं पाना घट्ट धरला. "ताई तिकडेच राहणार आहेत. लेकीच्या गल्लीत खोली घेतलीय. पडदे शिवायच्या दुकानात कामाला जातात."

क्रेनवाल्यानं पाना फिरवला. "गाडी तयार झाली की मी आणायला जाणारच आहे."

"तेच म्हणतोय. येऊ नका म्हणतात."

"मला नाही म्हणाली तसं."

"म्हणतात, मी सांगून निघाले होते."

"काय सांगून? येते म्हणून गेली होती ती!"

मग साडू हळूच म्हणाला, "नीट आठवा."

त्यानं आठवलं. तो तेव्हाही इथेच, बॉनेटखाली वाकलेला होता. ती बॅग घेऊन जिन्यापाशी आली आणि म्हणाली, "जाते मी." यानं मान वर न करता सांगितलं होतं, "जाते म्हणू नये, येते म्हणावं." ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि गेली. येते ती म्हणालीच नव्हती.

आपल्यात दाराबाहेर पडणारा माणूस येतो म्हणतो. दवाखान्यात शेवटचा निघालेला म्हाताराही स्ट्रेचरवरून येतो म्हणतो. त्या बाईनं एका शब्दात सगळा संसार उलगडून दाखवला आणि नवऱ्यानं काय केलं, तर तिचं व्याकरण सुधारलं. असल्या नवऱ्यांना लोक साधाभोळा म्हणतात. मी नाही म्हणणार. कान आहेत, ऐकू येतं, पण ऐकायचं नाही, याला साधेपणा म्हणत नाहीत.

"थोरले, बास! केव्हाच बसलाय तो. बोल्ट मोडेल."

त्यानं हात थांबवला. बोटं पांढरी पडली होती.

"लेकीला माहीत आहे?"

"हो."

"तुला?"

"मला पण."

"म्हणजे मी इथे टपावर लोखंड चढवतोय आणि तुम्ही सगळे मजा बघताय."

"मजा कसली डोंबलाची?" साडू आता खरोखर चिडला. "सांगणार कोण नि कसं? तुम्हाला काही सांगायला जावं तर तुम्ही टर्बो सांगता! गेल्या खेपेला मुद्दाम याचसाठी आलो होतो. दोन तास विंच बघून घरी गेलो मी."

क्रेनवाल्यानं नळ्या जोडल्या. इंजिनाकडून येणारी डब्याच्या आत, डब्यातून निघणारी पुढे हवेच्या पाइपात. कुठे झोळ राहिला तर तिथेच तेल साचतं, म्हणून जास्तीची नळी कापून टाकली. क्लिपा आवळल्या. साडू गालाला काळं फासून बाहेर आला. दोघांनी चाक चढवलं. इंजिन सुरू केलं, ते नीट चाललं. कुठे गळती नव्हती. काम एक नंबर झालं होतं आणि त्याची कुणाला गरज नव्हती.

"रात्री जेवायला या आमच्याकडे," साडू हात पुसत म्हणाला.

"बघतो."

"बघतो नको. या."

"बघतो म्हटलं ना."

साडू गेल्यावर त्यानं गाडी बंद केली, बॉनेट उघडंच ठेवून घरात गेला, हात धुतले आणि तिला फोन लावला.

"साडू येऊन गेला," तो म्हणाला.

"हो. कळलं मला."

"खोली कशी आहे?"

"बरी आहे. उजेड येतो."

पुढचा प्रश्न काय विचारायचा ते त्याला सुचेना. विचारायची सवयच नव्हती. भाडं, शेजार, काम जमतं का, पाठ दुखते का, असले प्रश्न माणसाला सुचतात. त्याला डबा सुचला. तो सांगायला लागला. वाफ कुठून येते, ती परत आत गेली की काय होतं, काजळी कशी धरते, नट पलीकडे होता म्हणून साडूला कसं झोपवलं.

पूर्वी दुसऱ्या वाक्याला ती ओरडायची. "पुरे! डोकं उठवलंत!" एकदा तर तिनं हातातली पक्कड हिसकावून खिडकीबाहेर फेकली होती. आज ती ओरडेल, याची तो बोलता बोलता वाट पाहत होता. ओरडली तर अजून काहीतरी शिल्लक होतं.

ती सगळं ऐकत राहिली. जिथे हं म्हणायचं तिथे हं म्हणाली. मध्येच विचारलंसुद्धा, "मग तो डबा रिकामा कधी करायचा?"

"इंजिनाचं तेल बदलताना. नाहीतर त्याच्या आधी."

"छान झालं." एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलतात, तसा आवाज. गोड, आणि आपलं ठिकाण आलं की उतरून जाणारा.

"ठेवू का मग?" तिनं विचारलं. लग्न झाल्यापासून तिनं त्याची परवानगी मागितली नव्हती. जे करायचं ते भांडून करायची.

"ठेव," तो म्हणाला.