गोठलेलं तेल

टेलरबाई सकाळी नऊला बरणी हातात घेऊन माझ्या दारात. "ताई, यंदाचं तेल गोठलंय हो. उलटं केलं तरी खाली येईना."

"गोठायचं नाही ते," मी म्हटलं. मला सकाळी सकाळी तक्रारी खपत नाहीत. "तुम्हाला बदामाचं दिलंय. नीट बघा."

त्यांनी बरणी माझ्या नाकासमोर पालथी धरली. आत पांढराशुभ्र गड्डा, ढिम्म हलेना. थंडीत असं बसतं ते खोबरेल. बदामाचं तेल या हवेत गोठत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. आणि यंदा खोबरेल मी एकाच माणसासाठी केलं होतं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

सांगते. मी योग शिकवते. वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की सगळं जग चकचकीत कागदात गुंडाळलेला कचरा एकमेकांना देत सुटतं, आणि मी घरी तेलं करते. जुन्या काचेच्या बरण्या उकळायच्या, ज्याच्या त्याच्या प्रकृतीला मानवेल ते तेल औषधी मुळ्या घालून मंद आचेवर सिद्ध करायचं, टेलरबाईंकडच्या कापडाच्या तुकड्यात बांधायचं. लेबल नाही. कागद कशाला, गोंद कशाला? तेल ओळखायला गाठीचा दोरा असतो ना: तिळाला काळा, बदामाला पिवळा, खोबरेलाला हिरवा. यंदा पिवळा आणि हिरवा, दोन्ही रिळं ऐन वेळी संपली. नवीन आणायची म्हणजे पुन्हा दुकान, पुन्हा प्लॅस्टिकची पिशवी. उरलेल्या दोन बरण्यांना मी घरातला पांढराच दोरा बांधला. डावीकडची बदामाची, उजवीकडची खोबरेलाची. लक्षात राहील, म्हटलं. लक्ष देणं हाच तर माझा धंदा.

मग मध्येच मी टेबल पुसलं असणार. पुसताना बरण्या उचलल्या असणार. आठवत नाही.

त्या दोन बरण्यांतली एक टेलरबाईंची. दुसरी मिरचीची.

मिरची म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी, सोळा वर्षांची. तान्ही असताना रडून रडून लाल व्हायची म्हणून मीच ठेवलेलं नाव. नऊ वर्षांची असताना तिने कुणाच्या तरी घरी बदामाचं बिस्किट खाल्लं आणि पाच मिनिटांत तिचे डोळे मिटले, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात मी तिचे पाय धरून उभी होते. डॉक्टर म्हणाले, बदाम खायचा नाही, लावायचाही नाही, आणि हे इंजेक्शनचं पेन सतत जवळ ठेवायचं. त्या वर्षापासून तिच्यासाठी खोबरेल. न चुकता. सात वर्षं, आणि हे आठवं.

"ताई, बसा आधी. पांढऱ्याफटक पडलात," टेलरबाई म्हणाल्या.

मी दादाला फोन लावला. बंद. वहिनीला लावला. बंद. मिरचीचाही बंद. आणि मग मला आठवलं की ते बंद का आहेत, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. सुट्टीच्या पहिल्या दिवशी फोन खणात, सकाळी अंगभर तेल, मग गरम पाण्याने आंघोळ: हा नियम माझा. दादाकडून मीच वचन घेतलेलं. गेल्याच आठवड्यात मिरचीला दटावलं होतं, "यंदा तरी लावणार आहेस का? की दरवर्षीसारखं नुसतं हो आत्या, हो आत्या?"

"लावते गं आत्या," ती म्हणाली होती. "पहिल्याच दिवशी लावते. शप्पथ."

आज पहिलाच दिवस होता.

मी सायकल काढायला धावले. दादाचं घर चढावर, पाऊण तास लागतो. टेलरबाईंनी माझं हँडल धरलं. "सायकल कसली काढताय? बसा माझ्या स्कूटरवर. आणि काय झालंय ते वाटेत सांगा."

वाटेत मी सांगितलं.  ऐकता ऐकता त्या स्कूटर दामटायला लागल्या. तरी मला धीर निघेना. "अहो, जरा हाणा की! मागची सायकलवाली पुढे गेली!" मी ओरडत होते. दीर्घ श्वास घ्या, वर्तमानात राहा, असं मी माणसांना शिकवते. माझा श्वास गळ्याच्या खाली उतरत नव्हता. एका लाल दिव्याला मी उतरून पळायलाच लागले, तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून परत बसवलं. मी रडत होते, मोठ्याने, भर चौकात, आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती. देवा, तिने उशिरा उठावं. आळशी आहे कार्टी. आज तरी आळस कर गं बाई.

वहिनीने दार उघडलं. "अगंबाई! तुम्ही? आत्ता?"

"मिरची कुठेय? तेल लावलं तिनं?"

"तेल?" वहिनीचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. पण ती ओशाळली होती. "आता तुमच्यापासून काय लपवायचं," म्हणत तिने जिन्याखालचं कपाट उघडलं.

आत माझ्या बरण्या होत्या. ओळीने. निळं कापड, फुलाफुलांचं, चौकड्यांचं, सगळी ओळखीची. प्रत्येकीला माझीच गाठ, एकही सुटलेली नाही.

"रागावू नका," वहिनी म्हणाली. "टाकवत नव्हत्या, आणि तिला लावूही देता येईना. बरणीवर काही लिहिलेलंच नसतं हो. तिच्या बाबतीत न वाचता काही आणायचं नाही, हा आमचा नियम. तुम्हाला एकदा सांगणार होते. पण तुम्ही लेबलांवर केवढं बोलता. ह्यांनी म्हटलं, जाऊ दे, माझ्या बहिणीचं मन मोडेल."

दुसरा दिवस असता तर मी तिथल्या तिथे भांडले असते. आज माझा जीव भांड्यात पडला. वापरलीच नाहीत! मी वहिनीचे हात धरले, हसले, काय काय बोलले मला माहीत नाही. मग बरण्या मोजल्या. सात. सातच.

"यंदाची कुठेय?"

वहिनीने वर बघितलं. वर नळाचं पाणी वाहत होतं. "ती म्हणाली, आत्याशी खोटं बोलायचा कंटाळा आला..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्ही दोघी जिन्यात होतो.

बाथरूमची कडी लावलेली नव्हती. मिरची टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसलेली. उघडी बरणी फरशीवर. एक हात पुढे धरलेला, कोपराची आतली बाजू वर, दुसऱ्या हातात घड्याळ, मांडीवर इंजेक्शनचं पेन. बादली भरून वाहत होती.

"आत्या?" ती दचकली. "लावतेय गं. आधी एक थेंब लावून वीस मिनिटं थांबते मी. नवीन काही असलं की असंच करते." मग स्वतःच्याच हाताकडे बघून ती हळू म्हणाली, "पण खाजतंय. खोबरेलानं कधी खाजत नाही मला."

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता.

मी तिचा हात बादलीत घातला, साबण लावला, चोळला, पुन्हा धुतला. वहिनीने तिची गोळी दिली आणि खणातून फोन काढून डॉक्टरांना लावला. "श्वास बघू तुझा. बोल काहीतरी. बोलत राहा." मिरची बोलत राहिली. श्वास स्वच्छ होता. अर्ध्या तासात चट्टा फिका पडला. टेलरबाई दारातच उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"तुला बरं वाटावं म्हणून लावणार होते गं," मिरची म्हणाली. "तू एवढं लक्ष देऊन करतेस."

मला तिच्याकडे बघवेना. मी खाली गेले आणि कपाटापुढे जमिनीवर बसले. एकेक कापड सोडलं. सातही गाठींना हिरवा दोरा होता, सगळं माझ्या नियमाप्रमाणे. कपाटामागे घराची बाहेरची भिंत, आत हात गारठत होते. म्हणजे सगळी तेलं घट्ट बसलेली असायला हवी होती. मी पहिली बरणी पालथी केली. गोठलेली. दुसरी गोठलेली. तिसरीतलं तेल सावकाश झाकणाकडे ओघळलं.

मी ती बाजूला ठेवली आणि पुढची उचलली. सातांपैकी पाच गोठलेल्या होत्या.